तात्यांच्या होडीचा सोंदूर

मी सगळ्या गोष्टी उशिरा शिकले. सायकल कॉलेजात गेल्यावर, पोहणे पदवीची परीक्षा संपल्यावर. आणि आता निवृत्तीनंतर हे लिहायला बसले आहे, तर पहिले वाक्य चार वेळा खोडून झाले आहे. घरात यावर काकूचा एक ठरलेला शेरा असे. "नाव मंदा ठेवलं, अन् पोरीनं ते खरं करून दावलं," असे ती आल्यागेल्याला सांगायची, आणि मी तिच्यामागे उभी राहून हसायची, कारण उत्तर सुचेपर्यंत पाहुणे चहा पिऊन उठलेले असत. आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला वाढवले ते काकूने, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोने. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते शेती बघत. काकूचे यजमान तात्या तीस वर्षे मुंबईच्या बंदरात होते. तिथल्या एका क्लबात हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या असत. त्यांना रंग द्यायचा, फळ्या बदलायच्या, हे त्यांचे काम. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला ते येत आणि चार दिवस घराला रोगणाचा वास लागे. ते गेल्यावर काकू अंथरुणे उन्हात टाकी, पण तात्यांची चादर मात्र ती कधी उन्हात टाकताना मी पाहिली नाही.

ज्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचे आहे, त्या हिवाळ्यात मी पदवी घेऊन घरी होते. त्याच्या तोंडाशी तात्या कायमचे घरी आले, आणि त्यांच्याबरोबर ट्रकमधून एक होडी आली. क्लबातल्या कुणाला ती नकोशी झाली होती, म्हणून त्यांनी मागून घेतली. दोन बैलगाड्या एकापुढे एक उभ्या कराव्यात एवढी लांब, पांढरी, मधोमध डोलकाठी. काठीच्या मागे एक मोठे शीड आणि पुढे, नाकाजवळ, एक लहान तिकोनी. आमचे रान तलावाला लागून आहे. धरण भरले की रानातले नांगराचे शेवटचे तास पाण्याखाली जाते आणि ज्वारीची ताटे गुडघाभर पाण्यात उभी राहून स्वतःकडेच बघत बसतात. कळंब तालुक्यातल्या त्या कोरड्या, काळ्या मुलखात एवढे पाणी हीच मुळात एक न पटणारी गोष्ट होती. त्यावर पांढरे शीड चालू लागले तेव्हा मला वाटले, हे कुणाचे तरी स्वप्न चुकून आमच्या शिवारात आले आहे. पहाटे पाण्यावर धुके असे, त्यात चक्रवाकांच्या जोड्या एकमेकांना हाका मारीत, आणि धुक्यातून आधी शीड दिसे, होडी नंतर. आमची चूल रानातल्या घरात होती. शिडाची फडफड तिथवर ऐकू येई. ती ऐकू आली की काकूचा हात भाकरीवर क्षणभर थांबे आणि भाकरी एका बाजूने जाड होई. आम्ही त्या दिवसांत बऱ्याच जाड भाकरी खाल्ल्या.

तात्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे वळत नव्हती आणि गुडघेही थकले होते. वारा वाढला की पुढचे शीड आधी उतरवावे लागते, आणि ते उतरवायला होडीच्या नाकापर्यंत रांगत जावे लागते. एका दुपारी ते तसेच गेले, ओल्या फळीवरून पाय सुटला, आणि जाळी टाकणाऱ्या भोयांनी बघितले म्हणून बरे. तोवर ते एका दोराला धरून पाण्यात लोंबकळत होते. त्यांना घरी आणून शेकले, हळदीचे दूध दिले. मग चुलीपुढे बसूनच काकू म्हणाली,

"तीस वर्सं तुमच्या समुद्रानं मला नवरा उसना दिला. दिवाळीला चार दिस, जत्रंला चार दिस. आता हितं आलाव, तर हितं बी पानी. म्या आता पुन्यांदा वाट बघत बसायची न्हाई."

"अगं, पुढचं शीड उतरवायला—"

"त्या कापडासाठी जीव द्यायलाव व्हय?"

"कापड न्हाई, शीड म्हंत्यात त्याला."

"कापडच. म्या त्याला शीड म्हनायला लागले तर ते घरातच येऊन ऱ्हाईल." मग तिने अट घातली. "येळवशीला समदे रानात असत्यात. म्या बांधावर बसून बघनार. बसल्या जागंवरनं ते कापड मिटलं, तर होडी ऱ्हाईल. जागचं हललाव, तर दुसऱ्या दिशी सुतार बोलावते. गोठ्याला फळ्या लागायल्यातच. अन् मंदी होडीत बसंल. ती बोलत न्हाई, पर खोटं बी बोलत न्हाई."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चुलीकडे पाहिले. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, तेरा दिवसांवर होती.

क्लबातल्या मोठ्या होड्यांवर तात्यांनी एक युक्ती पाहिली होती. पुढचे शीड उतरवायचेच नाही; खिडकीचा पडदा लाटण्यावर गुंडाळावा तसे ते उभेच्या उभे स्वतःभोवती गुंडाळायचे. शिडाच्या पुढच्या कडेत तार असते. तिच्या तळाशी एक रीळ बसवायचे, रिळावर दोर, आणि त्या दोराचे टोक होडीच्या कडेकडेने मागे, बसायच्या जागेपर्यंत आणायचे. मागून दोर ओढला की रीळ फिरते, तार फिरते, शीड मिटते. ऐकताना हे फार सोपे वाटत होते. सामान कुठले मिळणार? तात्या आणि आबा कळंबला जाऊन आले. विहिरीवरच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्याच्या दुकानात तांब्याच्या तारेचे रिकामे लाकडी रीळ मिळाले. शीड फिरले तरी वरचा दोर पिळू नये म्हणून वर आणि खाली बैलाच्या साखळीतल्या दोन भोवरकड्या बसवल्या. दोर मागे नेण्यासाठी लोहाराकडून चार कड्या घडवल्या. नायलॉनचा दोर निळा होता. पाण्याकाठी होडीपाशी बसून दोघे भाऊ दिवस दिवस काम करीत, आणि मी त्यांना शेंगदाण्याची चटणी, भाकरी नि कांदा नेऊन देई आणि भांडी परत न्यायच्या निमित्ताने तिथेच बसे. कानशीचा आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन, जरा मऊ होऊन, परत यायचा. त्या आवाजाने मला झोप यायची आणि झोपेतही मी कड्या मोजीत असे.

दोराला नाव दिले आबांनी. मोटेला दोन दोर असतात: जाड तो नाडा, कातड्याची पिशवी वर खेचणारा, आणि बारीक तो सोंदूर, पिशवीची सोंड वर धरून ठेवणारा. आमच्या विहिरीवर वीज येऊन पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. मोटेचे सामान गोठ्यात टांगलेले होते, आणि आबांच्या हातांत तर ती अजून चालूच होती. शीड उघडणारा दोर तो नाडा आणि मिटणारा तो सोंदूर, असे त्यांनी ठरवून टाकले, आणि तात्यांनाही ते आवडले. घोटाळा झाला तो या नावामुळेच. मोटेचे दोन्ही दोर बरोबर येतात आणि बरोबर जातात. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की दोन्ही वर, बैल मागे आले की दोन्ही खाली. होडीत तसे नसते. नाडा ओढून शीड उघडावे तेव्हा सोंदूर रिळावर चढत जातो, आणि सोंदूर ओढला की नाडा पुढे जातो. एक येतो तेव्हा दुसरा जातो. येळवशीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, आबांनी शीड मिटलेले असतानाच रीळ दोराने भरून टाकले.

"मोट मिटून वर आली म्हंजी दोर आत आला पायजे," ते म्हणाले. "हे बी तसंच, दादा."

"मला वाटतंय उलटं हाय," तात्या म्हणाले. "पर मी रंग द्यायचो गड्या. दोर वढनारे येगळे."

"मग माझं ऐका. जलम गेलाय दोर वढन्यात."

मी भांडी गोळा करीत होते. आबांचे चुकते आहे हे मला दिसत होते. म्हणजे, दिसत होते असे मला वाटत होते. माझ्या बाबतीत या दोन गोष्टींत नेहमीच अंतर राहत आले आहे. पदार्थविज्ञान घेऊन मी पदवीला पहिल्या वर्गात आले होते, पण वडिलांना 'तुमचे वेढे उलटे आहेत' असे सांगण्याचा त्या विषयात धडा नव्हता. घरी येऊन मी लाटण्याला रुमाल गुंडाळला आणि लाटण्याच्या टोकाला दोरा. काकू बाजरीचे उंडे वळत होती.

"काय करायलीस गं?"

"काही न्हाई."

"लाटण्याला पीठ हाय. रुमालाची भाकरी करायलीस काय?"

रुमाल ओढला, दोरा उलगडला, पुन्हा ओढला. आबांच्या पद्धतीने रुमाल मिटत नव्हता. उघडताना दोरा सुटून जात होता. रीळ भरायचे ते शीड पूर्ण उघडे असताना. मी लाटणे धुऊन ठेवले. जेवताना दोन वेळा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा घास घातला.

पहाटे, अजून तांबडे फुटायचे होते तेव्हा, मी एकटी पाण्यावर गेले. वारा अजिबात नव्हता. तलाव इतका निश्चल होता की होडी हवेत टांगल्यासारखी दिसत होती, आणि डोलकाठीचे प्रतिबिंब पाण्यात खोल, विहिरीएवढे, गेले होते. मी आबांचे सगळे वेढे काढले. शीड उघडले; ते दवाने जड झाले होते आणि थंड कपड्यासारखे माझ्या अंगावर आले. ते हाताने गुंडाळून पाहिले: चौदा वेढे. दोन जास्तीचे धरून सोळा वेढे रिळावर घातले. दोराचे टोक आता तात्यांच्या बैठकीपर्यंत जेमतेम पोचत होते. आणखी दोर हवा, हे मला कळले. पण तो मागायचा म्हणजे रात्रीतून काय झाले ते सांगावे लागणार. मी शीड मिटले, कड्यांतून दोर नीट ओवला आणि धुक्यातून घरी आले. मला आजही ती पहाट आठवते ती फार सुंदर म्हणून. आणि लाज वाटते तीही त्याच पहाटेची. माणूस एकटा असताना किती सुबक काम करतो!

येळवशीचा दिवस आमच्याकडे घरात घालवायचा नसतोच. सगळे गाव रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आबांनी रानात आंबील शिंपडली, आणि मग मोठमोठ्या भांड्यांतली भाज्यांची नि हिरव्या दाण्यांची भज्जी, उंडे, खिचडा, आंबिलीचे थंडगार गाडगे असे सगळे उघडले गेले. भज्जीचा तो वास, हिरव्या वाटाण्याचा, तिळाचा आणि चुलीच्या धुराचा मिळून झालेला, शहरात मी बऱ्याचदा करून पाहिला, जमला नाही. धूर लागतो, आणि उपाशी पोटी चाललेली वाट लागते. शेजारपाजारच्या रानांतून लोक आमच्या बांधावर जेवायला येत होते, आणि बातमी सगळ्यांना असल्यामुळे, जेवून जात नव्हते. काकूने सर्वांना वाढले. स्वतःचे ताट मात्र तिने झाकून ठेवले. मग तिने माझ्या पाठीला पोहायचा रिकामा डबा सुतळीने आवळून बांधला आणि म्हणाली, "डोळं उघडं ठेव."

वारा उत्तरेचा होता, पलीकडच्या काठावरून आमच्याकडे येणारा. आम्ही तिरपे तिरपे होत वाऱ्याच्या दिशेने वर गेलो. तात्यांनी सुकाणूचा दांडा उजव्या काखेत धरला होता आणि डाव्या हाताने नाडा ओढला. पुढचे शीड सरसर उघडले, आणि रिळावर निळा सोंदूर चढत गेला. तात्यांनी रिळाकडे नवलाने पाहिले. होडीखाली पाणी बारीक आवाजात बोलू लागले. बांधावरची माणसे लहान झाली, त्यांचे रंग उरले: काकूचे हिरवे लुगडे, आबांचा पांढरा टॉवेल. मला वाटले, इथेच राहावे. कुणी काही विचारणार नाही, कुणाला काही सांगायचे नाही. आणि मग आबांनी टॉवेल हलवला. ती खूण होती: मिटा.

तात्यांनी सोंदूर ओढला. रीळ फिरले, शीड मिटू लागले. अर्धे मिटले, पाऊण मिटले, आणि दोर थांबला. हातभर कापड बाहेर राहिले होते. त्यात वारा शिरला आणि ते अशा जोराने फडफडू लागले की डोलकाठी थरथरली. होडीचे नाक एका बाजूला ओढले जाऊ लागले. तात्यांनी पुन्हा ओढला. दोर तारेसारखा ताठ.

"अडकला," ते म्हणाले. "बगून येतो." आणि तीस वर्षांच्या दुरुस्तीच्या सवयीने त्यांनी दांडा सोडला, उठले, आणि एक गुडघा पुढच्या फळीवर टाकला.

"तात्या, बसा!"

तो आवाज माझा होता हे मला थोड्या वेळाने कळले. तात्या बसले. होडीत आणखी कुणी आहे की काय, अशा नजरेने ते माझ्याकडे बघू लागले.

"अडकला न्हाई," मी म्हणाले. "दोर संपलाय. आबांचे वेढे काढून मी घातलेत. ते कमी पडले."

"तू? कवा?"

"आज पहाटं."

"मग बोलली का न्हाईस?"

त्यांनी दांडा पुन्हा काखेत घेतला. कापड डोक्यावर बडवत होते. "बरं," ते म्हणाले, "आता बोल. म्होरं काय करू?"

आयुष्यात मला इतक्या साधेपणाने कुणी काही विचारले नव्हते. मी सांगू लागले, आणि सांगता सांगताच मला ते समजत गेले. पहाटे वारा नव्हता, म्हणून शीड सैल गुंडाळले गेले आणि चौदा वेढ्यांत संपले. आता वारा त्याला ताणून धरतो आहे, म्हणून ते कसून, बारीक गुंडाळले जाते आहे. वळकटी कसून बांधली की जास्त वेढे घेते, तसे.

"मग?"

"सगळं पुन्हा उघडा. वारा पाठीवर घ्या. मोठं शीड वारा अडवील, पुढचं सैल पडंल. मग मिटा."

"उघडू? ती तिकडं बगायलीय, अन् उघडू?"

"उघडा, तात्या."

त्यांनी नाडा ओढला. मिटत आलेले शीड पुन्हा पूर्ण उघडले, आणि बांधावरून ओरडा झाला. कुणी तरी हसलेही असावे. होडी वळली. वारा पाठीवर येताच सगळे एकदम शांत झाले, जणू वारा पडलाच. आणि आम्ही सरळ आमच्या बांधाकडे निघालो. मोठ्या शिडाच्या आडोशाला पुढचे शीड दमल्यासारखे लोंबू लागले. "आता," मी म्हणाले. तात्यांनी हळू हळू, लोकर गुंडाळावी तसा, सोंदूर ओढला. मी मोठ्याने वेढे मोजत होते. बांध जवळ येत होता. हिरव्या लुगड्याला आता चेहरा होता. बारा. तेरा. चौदा. पंधराव्या वेढ्याला शेवटचा कोपरा आत गेला आणि पुढे नुसती एक पांढरी काठी उभी राहिली.

काकू पाण्याच्या कडेपर्यंत आली होती. होडी गाळाला लागली, आबांनी ती धरली, आणि ते मोठ्याने म्हणाले, "मिटलं का न्हाई, वैनी? बसल्या जागंवरनं मिटलं!"

"तुमाला न्हाई इचारलं, भाऊजी." ती माझ्याकडे बघत होती. "काय गं? जागचे हलले?"

तात्या स्वतःच्या पायांकडे बघत होते. मी डब्याची सुतळी सोडायला गेले आणि ती सुटेना.

"हलले," मी म्हणाले. "एक गुडघा पुढं टाकला. दोर कमी पडला म्हणून. आबांचे वेढे उलटे होते, ते मी न सांगता काढले, अन् नवे घालताना कमी घातले. दोर आणखी पायजे हे मला ठावं होतं. मागायला लाजले."

आबांनी माझ्याकडे पाहिले, मग रिळाकडे. त्यांचे ओठ हलत होते. मनातल्या मनात ते मोट हाकून बघत असावेत. "व्हय की," ते शेवटी म्हणाले. "उलटंच की गं!"

काकूचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. "मग 'बसा' म्हनून वरडलं ते कोन?"

"मी."

"वाऱ्यावर हितवर आलं. म्या म्हनलं, दुसरंच कुनी बसलंय काय होडीत." मग ती तात्यांकडे वळली. "तीस वर्सं म्या म्हनत आले, बसा. एकदा तरी बसलाव?"

काकू मागे फिरली, कोपीजवळ गेली, झाकलेले ताट उघडले आणि गाडग्यातली आंबील दोन पेल्यांत ओतली. एक पेला तिने तात्यांच्या डाव्या हातात दिला आणि दुसरा तोंडाला लावून, बांधावर बसून, पाण्याकडे बघत सावकाश पिऊन संपवला. लोक आपापल्या रानाकडे निघाले. गोठ्याच्या फळ्यांचे काय, हे विचारायचे धाडस कुणालाच होईना.

"भाऊजी," ती म्हणाली, "उद्या कळंबला जायालाव न्हवं?"

"व्हय."

"दोर आना. सबंध नवा आना, चार हात जास्तीचा. ह्याला जोड देऊ नगा. गाठ कडीतनं जात न्हाई."